दहा हजार वर्षांची लेखणी

गणपती ही विद्येची देवता, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण तो आद्य लेखनिकही आहे, ही गोष्ट कचेरीत काम करणाऱ्या आम्हा मंडळींना अधिक जवळची वाटते. व्यासांनी महाभारत सांगायचे, गणेशाने लिहायचे आणि सांगण्यात खंड पडता कामा नये, अशी अट होती. लिहिता लिहिता लेखणी मोडली, तेव्हा देवाने आपलाच दात मोडून हाती घेतला, असे परंपरा सांगते. म्हणजे अडचण बुद्धीची नव्हती, हत्याराची होती. हात न थांबता लिहीत राहावे, ही गरज देवालाही चुकली नाही. यंदाच्या स्मरणिकेसाठी काय लिहावे असा विचार करताना वाटले, या हत्याराचीच गोष्ट सांगावी. ती हैदराबादेत आमच्या घरातल्या एका ट्रंकेतून सुरू होते आणि थेट टोकियोला जाते.

आमच्या आजोबांनी निजामाच्या राजवटीत महसूल खात्यात कारकुनी केली. कचेरीचे कामकाज उर्दूत, घरचे हिशेब आणि पत्रे मोडीत. एकाच माणसाच्या हाताने दिवसा उजवीकडून डावीकडे लिहायचे आणि रात्री डावीकडून उजवीकडे! आमचे वडील, म्हणजे अण्णा, विवेकवर्धिनीत मराठीतून शिकले. त्यांनी मोडी सोडली, पण लिहिणे सोडले नाही. दर रविवारी सकाळी चहा झाला की ते नांदेडच्या आत्याला पत्र लिहीत. त्यासाठी अबिड्‌सहून घेतलेला काळा एबोनाइटचा पेन होता. मागून उघडून ड्रॉपरने शाई भरायची. बोटे निळी झाली की ती डोक्याच्या केसांना पुसायची सवय, आणि त्यावरून आईचे बोलणे, हे सारे आम्हाला अजून आठवते.

अण्णा गेले आणि पेन ट्रंकेत गेला. काही वर्षांनी काढून पाहिला, तर काळा रंग विटून तपकिरी झालेला. निबेच्या दोन पाकळ्या फाकल्या होत्या. शाई भरली की अक्षर उमटण्याआधी ठिपका पडे. टाकून देववेना आणि लिहिताही येईना. अशा अवस्थेत तो आमच्याबरोबर जपानला गेला.

जपानला जाण्याचे कारण घरगुतीच. सौ.चा धाकटा भाऊ तिथे नोकरीला आहे. बरीच वर्षे बोलावत होता. सरकारी नोकराला परदेशी जायचे तर आधी खात्याची परवानगी लागते. तो कागद हिरव्या शाईतली सही होऊन हातात पडला आणि आम्ही दोघे व आठवीतली लेक असे तिघे निघालो. मेहुण्याने देवळे, बागा, बुलेट ट्रेन अशी यादी केली होती. आम्ही त्यात एकच भर घातली: पेनची दुकाने. अण्णांच्या पेनची निब कुठे नीट होते का, ते पाहायचे होते.

बोरूपासून फाउंटन पेनापर्यंत

दुकानांकडे वळण्याआधी थोडे मागे जायला हवे. मोडी लिपी हेमाडपंतांनी रूढ केली, असे परंपरेने मानले जाते. तिचे वैशिष्ट्य म्हणजे हात फारसा न उचलता भराभर लिहिता येते. पण अक्षरे कितीही सलग असोत, बोरूला शाई पुरत नाही. काही शब्द झाले की दौतीत बुडवणे आलेच. पुढे इंग्रजी अमदानीत पोलादी निबेचा टाक आला. त्याचीही तीच गत.

शाई पेनाच्या पोटातच ठेवावी, ही कल्पना जुनी होती. अडचण होती ती प्रवाहाची. आम्ही पाटबंधारे खात्यातले, पदविका घेऊन ड्राफ्ट्समन म्हणून लागलेले. त्यामुळे ही अडचण आम्हाला लगेच समजते. बंद टाकीतून पाणी काढायचे, तर तितकीच हवा आत शिरायला वाट हवी. ती नसेल तर पाणी थांबते. हवा एकदम शिरली तर सगळे एकदम बाहेर पडते. न्यू यॉर्कच्या लुइस एडसन वॉटरमनने 1884 साली ज्या पेनाचे पेटंट घेतले, त्यात निबेच्या पोटाशी बसणाऱ्या पट्टीत बारीक चरे पाडलेले होते. त्या चऱ्यांतून शाई केशाकर्षणाने हळूहळू खाली येते आणि हवा वर जाते. जणू पाटाचे पाणी सोडणारी इवलीशी झडपच. कागदाला टोक लागले की पाणी सुटते, उचलले की थांबते. व्यासांची अट पाळता येईल असे हत्यार माणसाच्या हाती आले ते असे.

पण हे हत्यार रोमन अक्षरांसाठी घडले होते. दुसऱ्या लिपीत लिहिणाऱ्यांनी त्याचे काय केले, हा इतिहास आम्हाला जपानमध्ये दुकानांच्या फळ्यांवर वाचायला मिळाला.

तीन अक्षरांची पाटी

पहिल्याच दिवशी मेहुण्याने एका चिठ्ठीवर तीन चित्राक्षरे काढून दिली. म्हणाला, "दाजी, पाटीवर ही तीन अक्षरं दिसली की समजा तिथे फाउंटन पेन मिळतो." उच्चार ‘मान्नेनहित्सु’. अर्थ दहा हजार वर्षांची लेखणी, म्हणजे पुन्हा पुन्हा बुडवावी न लागणारी, संपतच नाही अशी. तिसरे अक्षर ब्रशाचे, आणि त्याच्या डोक्यावर बांबूची खूण. आमचा बोरू वेताच्या जातीचा, त्यांच्या ब्रशाचा दांडा बांबूचा. लेकीने ती खूण बरोबर लक्षात ठेवली. पुढचे दहा-बारा दिवस पाट्या वाचायचे काम तिचेच होते.

पहिला मुक्काम निहोनबाशीतले मारुझेन. हे मूळचे पुस्तकांचे दुकान. 1869 साली हायाशी युतेकी यांनी योकोहामात ते सुरू केले. जपानने बंद दारे नुकतीच उघडली होती. पाश्चात्त्य पुस्तके, शाई, कागद हे सारे मारुझेनमार्फत देशात येऊ लागले. विसाव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या दे ला रू कंपनीचा ‘ओनोटो’ पेनही याच दुकानाने जपानी लेखकांच्या हाती दिला.

जपानचे मोठे कादंबरीकार नात्सुमे सोसेकी यांनी 1912 साली स्वतःवर आणि फाउंटन पेनवर एक लेख लिहिला आहे. मारुझेनमध्ये एखाद्या दिवशी शंभरापर्यंत पेन खपतात, हे ऐकून आपण थक्क झालो, असे ते त्यात सांगतात. त्यांचा स्वतःचा अनुभव मात्र कडू होता. विलायतेला जाताना भेट मिळालेला पेन बोटीवर कसरत करताना मोडला. पुढे घेतलेले पेन शाई ओकत किंवा ऐन वेळी रुसून बसत. वैतागून ते पुन्हा टाकाकडे वळले. मग मारुझेनमध्ये काम करणारे लेखकमित्र उचिदा रोआन यांनी त्यांना एक ओनोटो दिला आणि त्यांची तक्रार मिटली. शंभर वर्षांपूर्वीच्या एवढ्या मोठ्या लेखकाची कुरकूर आमच्या अण्णांच्या कुरकुरीसारखीच निघाली, याचे आम्हाला फार बरे वाटले.

तळघरातल्या मजल्यावर पेनची कपाटे होती. तिथल्या मध्यमवयीन बाईंनी एकेक पेन मखमली तबकात ठेवून दाखवला. मारुझेनमध्ये दरवर्षी जगभरच्या फाउंटन पेनांचे प्रदर्शन भरते, हे त्यांच्याकडूनच कळले.

खलाशी, सुकाणू आणि बारीक टोक

जपानी लोक परदेशी पेन विकत घेऊन थांबले नाहीत. हिरोशिमाजवळच्या कुरे या आरमारी बंदरात साकाता क्युगोरो यांना इंग्लंडहून परतलेल्या एका मित्राने फाउंटन पेन दाखवला. तो पाहून त्यांनी 1911 साली स्वतःच पेन करायला घेतले. ती ‘सेलर’ कंपनी. सागरी शाळेत यंत्रविद्या शिकवणारे नामिकी र्‍योसुके यांनी 1918 साली सहकाऱ्याबरोबर जी कंपनी काढली, तीच पुढे ‘पायलट’ झाली. यातला पायलट विमानाचा नव्हे, बंदरात जहाजाला वाट दाखवणारा. ‘प्लॅटिनम’ 1919 सालचे. पहिल्या दोन कंपन्यांच्या नावांतच समुद्र आहे.

नामिकींसमोर एक अडचण होती. एबोनाइट, म्हणजे गंधक घालून कडक केलेले रबर, उजेडात ठेवले की विटते. अण्णांच्या पेनचे झाले तेच. त्यावर त्यांनी जपानी लाखेचा लेप काढला, आणि मग लाखेवर सोन्याच्या भुकटीने नक्षी काढणारे कारागीर बसवले. 1930 साली लंडनच्या डनहिलने हे पेन विकायचा करार केला. म्हणजे ज्या शहरातून पेन आले, त्याच शहरात ते नव्या रूपात परत गेले.

पण आम्हाला जास्त मोलाची वाटली ती टोकाची गोष्ट. चित्राक्षरांत इवल्याशा चौकोनात दहा-पंधरा रेघा मावायला लागतात. जाड टोकाने त्या एकमेकींत मिसळतात. म्हणून जपानी बारीक निब ही युरोपातल्या बारीक निबेपेक्षाही बारीक असते. शिवाय त्यांच्या अक्षरात कुठे रेघ थांबते, कुठे आकड्यासारखी वळते, कुठे निमुळती होत निघून जाते. ब्रशाने हे सहज होते. निबेने व्हावे म्हणून सेलरचे निष्णात कारागीर नागाहारा नोबुयोशी यांनी टोक लांबट घासून अशा निबा केल्या की पेन उभा धरला तर रेघ बारीक येते आणि आडवा धरला तर जाड. हत्यार परके, पण त्याला आपल्या लिपीचे वळण लावून घेतले.

आपल्याकडे बोरू होता तोवर हे ज्ञान घरोघरी होते. देवनागरीच्या बोरूचा छाट रोमन लेखणीच्या उलट बाजूला तिरका असतो. पंतोजी मुलांना तो कातून देत. अक्षराची जाड-बारीक अंगे त्या छाटातून येत. फाउंटन पेन आला तो गोल टोकाचा. आपण तो जसा आला तसा घेतला आणि छाट विसरलो. कुणाला दोष देत नाही. आम्हीही चाळिशी उलटल्यावर, तेही परक्या देशात, याचा विचार केला.

चाचणीचा कागद

गिन्झातले इतोया हे 1904 सालचे लेखनसाहित्याचे दुकान. बाहेर लाल रंगाची मोठी कागदाची क्लिप टांगलेली, आत मजल्यांमागून मजले. तिथे वह्यांच्या फळीवर ‘कोकुयो’ नाव दिसले आणि आम्ही थबकलो. 1905 साली ओसाकात हिशेबवह्यांचे पुठ्ठे करण्यापासून सुरू झालेली ही कंपनी. आपल्या दि. प. दांडेकरांनी बंधू गो. प. दांडेकरांसह 1931 साली मुंबईत घोडा छाप शाईच्या पुड्या आणि वड्या करायला सुरुवात केली. पुढे कॅमल शाई आली आणि कॅमलिन उभे राहिले. त्या कॅमलिनमधला मोठा हिस्सा 2011 साली याच कोकुयोने घेतला. शाळेत दौत सांडून ज्या शाईने आमचे सदरे खराब झाले, तिचे सासर इथे निघाले!

पेनच्या टेबलावर चाचणीसाठी कागदाचे पॅड ठेवले होते. आधीच्या गिऱ्हाइकांनी त्यावर गिरगटलेले. चित्राक्षरे, वेटोळी, कुणाचे रोमन लिपीतले नाव, एक ओळ कोरियन. लेकीने पेन उचलला आणि सवयीने इंग्रजीत नाव लिहिले. सौ. म्हणाली, "मराठीत लिही की. आजी तुला काय म्हणायची? बाळ. तेच लिही."

तिने लिहिले, ‘बाल’.

मग स्वतःच थांबली. "ळ कसा काढायचा गं?" उच्चार तिला येतो. घरात मराठी आहे, शिवाय तेलुगूतही ळ आहे आणि तो ती झरझर काढते. पण देवनागरी ती शाळेत हिंदीसाठी शिकली आणि तिथे ळ लागत नाही. आम्ही तिच्या हातावर हात ठेवून त्या जपानी कागदावर ळ काढला. दोन वेटोळी, मध्ये गाठ. शेजारी उभ्या असलेल्या एका आजोबांनी वाकून पाहिले आणि मान डोलावली. त्यांना ते नक्षीकाम वाटले असावे.

त्या रात्री आम्ही दोघे बराच वेळ बोलत बसलो. आजोबांना दोन लिप्या येत होत्या, उर्दू आणि मोडी. अण्णांना मोडी वाचता येत नव्हती. आम्हाला उर्दू वाचता येत नाही. आणि आता लेकीचा ळ अडला. परप्रांतात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांतून मराठी बोलणे टिकले आहे, पण हाताने लिहिणे मात्र पिढीगणिक एकेक अक्षर मागे टाकत चालले आहे.

निबेची झीज

गिन्झातच 1932 सालची ओकुनो इमारत आहे. एकेकाळची ऐटबाज घरे, आता छोट्या छोट्या दालनांची वस्ती. लिफ्टचा दरवाजा अजून हाताने ओढावा लागतो. चौथ्या मजल्यावर जुन्या पेनांचे एक खोलीभर दुकान आहे. अण्णांचा पेन आम्ही तिथे काढला.

काउंटरमागच्या गृहस्थांनी भिंग डोळ्याला लावून निब बराच वेळ पाहिली. मग मेहुण्यामार्फत विचारले, "हा पेन वापरणारे तो थोडा डावीकडे वळवून धरत होते का?"

आम्ही चकित झालो. धरत होते खरे!

"टोक एका बाजूने झिजलं आहे. पाकळ्या फाकल्या आहेत, त्या जवळ आणता येतील. टोकही घासून गोल करता येईल, म्हणजे कोणाच्याही हातात गुळगुळीत चालेल. पण मग ही झीज राहणार नाही. काय करू?"

प्रश्न साधा होता. पेन चालावा म्हणून तर एवढ्या लांब आणला होता. पण पस्तीस-चाळीस वर्षांच्या रविवारच्या सकाळी त्या टोकावर उतरल्या होत्या. आम्ही एकमेकांकडे पाहिले. सौ.नेच सांगितले, "फक्त पाकळ्या जवळ आणा. टोक राहू द्या."

दहा मिनिटांत काम झाले. त्यांनी वाजवी पैसे घेतले आणि नीट पावती दिली. आम्ही लिहून पाहिले, तर निब कागदाला ओरखडे काढते. मग अण्णा धरत तसा पेन जरा डावीकडे वळवला. तो सरळ चालू लागला.

कोबेची शाई

परतीच्या आधी दोन दिवस कोबेला गेलो. 17 जानेवारी 1995च्या पहाटे या शहरात मोठा भूकंप झाला. सहा हजारांवर माणसे गेली. तिथे 1882 सालचे ‘नागासावा’ हे लेखनसाहित्याचे दुकान आहे. शहर पुन्हा उभे राहिल्यावर तिथल्या एका कर्मचाऱ्याला वाटले की संकटात धावून आलेल्यांना आभाराची पत्रे लिहावीत, आणि ती कोबेच्याच रंगात लिहावीत. 2007 साली पहिली शाई आली, मागच्या रोक्को डोंगराचा हिरवा. मग धक्क्यावरचा निळा, मग जुन्या परदेशी वसाहतीच्या इमारतींचा तपकिरी. आता शहरातल्या किती तरी ठिकाणांच्या नावाने बाटल्या आहेत.

आम्ही हिरवी घेतली. मेहुणा हसला, "दाजी, राजपत्रित अधिकारी झालात की काय?" गंमत म्हणजे जपानच्या कचेऱ्यांत सहीपेक्षा शिक्क्याचे महत्त्व फार. तेही कमी करायचे सरकारने 2020 साली मनावर घेतले. म्हणजे तिथे पेन टिकला तो कचेरीच्या सहीमुळे नव्हे. लोकांना एकमेकांना काही लिहायचे असते, म्हणून दुकाने टिकली.

अबिड्‌सला परत

घरी आल्यावर पहिल्या रविवारी अबिड्‌सला गेलो. डेक्कन पेन स्टोअर्स 1928 पासून आपल्या शहरात आहे. आपल्यापैकी किती तरी जणांचा पहिला पेन तिथलाच असेल. शेजारच्या आंध्रात राजमहेंद्रीला के. व्ही. रत्नम यांनी गांधीजींच्या स्वदेशीच्या हाकेवरून पेन करायला घेतले, तेही 1932 साली, ओकुनो इमारतीच्याच वर्षी. 1935 साली गांधीजींचे आभाराचे पत्र त्यांना आले. असे शेजार असताना आम्ही निबेसाठी समुद्र ओलांडला, हे खरे आहे. पण तो ओलांडला नसता, तर लेकीचा अडलेला ळ आमच्या लक्षात आला असता की नाही, कोण जाणे.

ड्रॉपर विकत घेऊन अण्णांच्या पेनमध्ये शाई भरली. लेकीने नांदेडच्या आत्याआजीला आठ ओळींचे पत्र लिहिले. त्यात चार ठिकाणी ळ होता. तिसऱ्यापासून तो बरा आला. आत्याला आता दिसायला कमी झाले आहे. तिने पत्र दुसऱ्याकडून वाचून घेतले आणि फोनवर म्हणाली, "पेन अण्णाचाच आहे ना रे? रेघ ओळखू आली."

मंडळाच्या कार्यकारिणीला एक विनंती करून हा लेख संपवतो. यंदा मांडवात एका बाजूला एक टेबल, कोरे कागद, दौत, चार पेन आणि जमल्यास एक तिरका कातलेला बोरू ठेवावा. स्पर्धा नको, बक्षीस नको. दर्शनाला आलेल्या प्रत्येक मुलाने आपल्या आजी-आजोबांना, मामाला, आत्याला दोन ओळी मराठीत लिहाव्यात. पोस्टाच्या तिकिटांचा खर्च आमच्याकडे. अण्णांचा पेनही तिथे असेल. फक्त तो जरा डावीकडे वळवून धरावा लागतो.